दुष्काळी नदीखोऱ्यात पाण्याची व्यवस्था लोकांच्या हाती दिली तर ती खरंच टिकते का?

तुम्ही लिहिलंय की तुमचं गाव येरळेच्या काठावर आहे, दिवाळीनंतर नदी कोरडी पडते, दोन उन्हाळे श्रमदान झालं, ओढ्याचं खोलीकरण झालं, तरी मार्चमध्ये टँकर येतोच. आता ‘लोकसहभागातून पाणी व्यवस्थापना’चं प्रशिक्षण ठेवलंय आणि यात खरंच काही तथ्य आहे का, की ही पण एक योजनाच, असं तुम्ही विचारताय. शिवाय, लोकांच्या हाती पाणी दिलं तर भांडणंच होतील ही भीती.

तथ्य आहे. पण तुमच्या गावात आत्तापर्यंत जे झालं त्याला मी पाण्यातला सहभाग म्हणणार नाही. ते पाणी अडवण्यातलं कष्टाचं काम होतं, आणि चांगलंच होतं. पाणी अडल्यावर ते कोणी, कधी, किती उपसायचं हे गावाने बसून ठरवलं का? बहुधा नाही. मग जे मुरलं ते ज्याची बोअर खोल त्याच्याकडे गेलं. कोरड्या खोऱ्यात खरा प्रश्न पाणी कमी पडल्यावर काय करायचं हा असतो. ज्या ठिकाणी ही टंचाई वाटून घ्यायची रीत लोकांनी आधीच ठरवून ठेवली, तिथे व्यवस्था टिकली. बाकी ठिकाणी फलक राहिले.

मी साक्री तालुक्यातला, पांझरेकाठचा. आमची थोडी जमीन जुन्या फडात आहे आणि पाणी वापर संस्थांच्या, म्हणजे कालव्याचं पाणी आपसात वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थांच्या, कामात मी बरीच वर्षं आहे, म्हणून आधी फडाबद्दलच सांगतो. सहभाग म्हणजे नेमकं काय, हे मला यापेक्षा चांगल्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

पांझरा, मोसम, आराम, गिरणा या नद्यांवर धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत तीनेकशे वर्षांपूर्वीपासून दगडी बंधाऱ्यांची एक साखळी आहे. बंधारा बुटका. त्याच्या एका बगलेतून कालवा निघतो, कालव्यातून चाऱ्या, आणि चाऱ्यांवर भिजणाऱ्या जमिनीचे तीन किंवा चार मोठे तुकडे. हा प्रत्येक तुकडा म्हणजे एक फड. एका फडात एका वेळी सगळ्यांचं एकच पीक. एकात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात खरिपाचं पीक, आणि पुढच्या वर्षी हे सगळं एक घर पुढे सरकतं. त्यामुळे जमिनीला फेरपालट मिळतो आणि उसाचा फड कायम एकाच जागी बसून जमीन चिबडत नाही.

यातली खरी शहाणपणाची गोष्ट पुढे आहे. बहुतेक शेतकऱ्यांचा एकेक पट्टा प्रत्येक फडात असतो. पाऊस कमी झाला की पंच बसतात आणि ठरवतात, यंदा तीनऐवजी दोनच फड भिजवायचे, किंवा एकच. एक फड कोरडा ठेवला की माझा एक पट्टा कोरडा राहतो, शेजाऱ्याचाही एक राहतो, पंचांचाही राहतो. वरच्या अंगाला शेत आहे म्हणून कोणी सुटत नाही, खालच्या अंगाला आहे म्हणून कोणी मरत नाही. टंचाईची वाटणी जमिनीच्या आखणीतच बसवलेली आहे. दुष्काळात ऐनवेळी भाषणं करून, हात जोडून लोकांना समजूतदार बनवायची गरजच ठेवली नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. फडात शेतकरी स्वतःच्या शेताला स्वतः पाणी देत नाही. कालव्यातून कोणत्या फडाला किती सोडायचं ते पाटकरी बघतो. फडाच्या आत शेताशेताला पाणी देतो तो बारेकरी. राखणीला जागल्या, कारण फडात कुंपणं नाहीत आणि गुरं शिरली तर सगळ्यांचंच पीक जातं. या सगळ्यांवर हवालदार, आणि हवालदारावर पंच. बारेकऱ्याचं काम लहानपणी मी बांधावर बसून पाहिलंय. खांद्यावर फावडं, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि पाणी ओळीने एका शेतातून दुसऱ्या शेतात. एका शेताचं भरणं झालं की फावड्याच्या दोन घावांत तिथलं दारं, म्हणजे बांधातली पाण्याची वाट, बुजवायचं आणि पुढचं मोडायचं. शेताचा मालक शेजारी उभा असला तरी दाऱ्याला हात लावायचा नाही. ‘अजून जरा राहू दे रे’ असं तो म्हणू शकतो, पण ऐकायचं की नाही हे बारेकऱ्याच्या हातात. त्याला शेत कोणाचं याच्याशी कर्तव्य नाही, पाणी शेवटच्या वाफ्याला टेकलं पाहिजे याच्याशी आहे. त्याचा मोबदलाही पिकातून, खळ्यावर धान्याच्या रूपात. म्हणजे सगळा फड पिकला तर त्याचंही घर भरणार.

भांडणं होतात का? होतात. पण पाणी वाटणारा हात आणि पाणी वापरणारा हात वेगळा ठेवला की निम्मी भांडणं उगवतच नाहीत. उरलेल्यांसाठी जवळचा, झटपट निवाडा लागतो. स्पेनमध्ये वालेन्सियाला तुरिया नदीच्या आठ पाटांवरचे शेतकरी आपल्यातलेच प्रतिनिधी निवडतात. ते दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दारात बसून पाण्याच्या तक्रारी तोंडी ऐकतात आणि तिथेच निकाल देतात. शेकडो वर्षं हे चालू आहे, २००९ मध्ये युनेस्कोनेही त्याची नोंद घेतली. वकील नाही, कागद नाही, तारीख नाही. आमच्या पंचांचंही असंच चालायचं. पाण्याच्या भांडणाला सहा महिन्यांनी मिळालेला न्याय काही कामाचा नसतो, पीक तेवढं थांबत नाही.

कालव्यात जास्तीचं पाणी आलं तर ते सांडमातून, म्हणजे जादा पाण्यासाठी ठेवलेल्या वाटेतून, परत नदीत जातं आणि खालचा बंधारा ते धरतो. नदी आपल्या गावापाशी संपत नाही, हे त्या रचनेत गृहीतच धरलेलं आहे.

आता तुम्ही विचाराल, एवढं चांगलं होतं तर फड आज मोजक्याच ठिकाणी का उरला? मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वर धरणं झाली आणि नदीत पाणी कधी सोडायचं हे पंचांऐवजी सरकारी कार्यालयात ठरायला लागलं, हे एक. पण आतूनही फड पोखरला गेला, आणि तो विहिरींनी. विजेचा पंप आला, फडातल्या जमिनीत विहिरी झाल्या, आणि ज्याच्याकडे विहीर त्याला पंचांची गरज उरली नाही. त्याने आपल्या पट्ट्यात हवं ते पीक घेतलं. एकाने घेतलं, मग दहांनी घेतलं. फडाचा नियम कालव्याच्या पाण्यापुरता होता, विहिरीच्या पाण्याला तो लागूच नव्हता. विहिरीत येणारं पाणी कालव्याच्या आणि बंधाऱ्याच्याच पाझराचं होतं, तरीही ते ‘माझं’ झालं. तुमच्या गावच्या ओढ्याचं पाणी नेमकं याच वाटेने जातंय.

ही गाठ सोडवलेली मी नाशिक जिल्ह्यात पाहिली. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, ओझरच्या बाजूची गावं. कागदावर लाभक्षेत्रात, प्रत्यक्षात कालवा कोरडा. समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांना एकत्र करून तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या: महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. त्यांनी खात्याकडे पिकाच्या क्षेत्रावर पाणी मागण्याऐवजी घनमीटरच्या मापाने मागितलं. इतकं आमच्या वाट्याचं, ते मोजून आमच्या दारात द्या, पुढे आम्ही वाटतो, पट्टी आम्ही गोळा करतो.

आणि मग त्यांनी जे केलं त्याला मी मनापासून मानतो. वाट्याचं थोडं पाणी बाणगंगा नदीवरच्या आणि ओढ्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून मुरवलं, त्याने आसपासच्या विहिरी भरल्या, आणि ज्यांच्या विहिरींना पाणी वाढलं त्यांनाही संस्थेचे सभासद धरून त्यांच्याकडून पाणीपट्टी घेतली. विहीरवाला पुन्हा नियमाच्या आत आला. टेलच्या माणसांनी सुरू केलेलं हे काम बघून वरच्या गावांनीही संस्था केल्या आणि पुढे सगळ्या प्रकल्पाची मिळून एक संस्था झाली. धरणाचं पाणी कधी आणि किती आवर्तनांत, म्हणजे पाळ्यांत, घ्यायचं हे शेतकरी एकत्र बसून ठरवायला लागले. त्या भागात आज दिसणारी द्राक्षं आणि भाजीपाला यामागे ही बैठक आहे. आपल्याला कुठल्या तारखेला किती पाणी मिळणार हे आधी कळलं, तरच माणूस बागेत पैसा घालतो.

महाराष्ट्राने २००५ मध्ये ‘सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन’ हा कायदा केला, त्यामागे अशा संस्थांचा अनुभव होता. कायदा चांगला आहे. पाणी मोजून द्यायचं, पीक कोणतं घ्यायचं ते शेतकऱ्याने ठरवायचं, संस्थेच्या समितीत हेड, मधला भाग आणि टेल तिन्हींना जागा, महिलांसाठीही राखीव जागा. मात्र मी पाहिलेल्या बऱ्याच संस्था फक्त नोंदणीपुरत्या आहेत. मोजमापाचं साधन बिघडलेलं, पाणी हमखास मिळेल याची खात्री नाही, मग सभासद बैठकीला येतील कशाला? रिकाम्या कालव्याचं व्यवस्थापन लोकांच्या गळ्यात घालणं हा सहभाग नाही. तुमच्या प्रशिक्षणात कोणी नुसत्या जबाबदाऱ्या वाचून दाखवत असेल, तर उभं राहून विचारा: आमच्या हक्काचं पाणी किती, आणि ते कोण मोजणार?

हक्क कोणाचा, हाही प्रश्न आहे. संस्थेचं सभासदत्व सातबाऱ्यावर चालतं. सातबाऱ्यावर बाईचं नाव क्वचित, भूमिहीनाचं तर नाहीच. म्हणजे उन्हाळ्यात टँकरमागे हंडा घेऊन जी धावते तिला पाण्याच्या बैठकीत मत नाही. याला उत्तर देऊन दाखवलं ते विलासराव साळुंखे यांनी. पुण्याचे इंजिनिअर आणि उद्योजक. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातली परिस्थिती बघून ते नायगावला गेले, देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन कसायला घेऊन प्रयोग केले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम सरळ होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात, माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही हक्क. ऊस नाही. खर्चाचा वीस टक्के वाटा लाभ घेणाऱ्यांनी स्वतः भरायचा. पुरंदरचा तो पट्टा किती कोरडा आहे हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल, की तिथे ‘ऊस नाही’ हे सगळ्यांकडून मान्य करून घेणं केवढं मोठं काम होतं.

तुमची तर स्वतःची येरळाच या बाबतीत नाव काढलेली नदी आहे. सांगली जिल्ह्यात खानापूरच्या बाजूला बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या मदतीने ऐंशीच्या दशकात बळीराजा धरण बांधलं. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि काठ कोरडे पडत होते. लोकांनी म्हटलं, थोडी वाळू आम्ही विकू आणि त्या पैशातून आमचा बंधारा आम्हीच बांधू. परवानगीसाठी झगडावं लागलं. धरण झालं, आणि पाण्यात भूमिहीन धरून प्रत्येक कुटुंबाचा वाटा ठरला. प्रशिक्षणाला जाण्याआधी एकदा तिथे जाऊन या. तुमच्याच नदीकाठची माणसं आहेत, बोलतील.

आता भूजलाकडे येतो, कारण तुमच्याकडे कालवा नाही, जे आहे ते विहिरी आणि बोअरमध्ये. जमिनीखालचं पाणी दिसत नाही म्हणून ते वाटताही येत नाही, असं लोक म्हणतात. मोजलं की दिसतं. हिवरे बाजारला पोपटराव पवारांच्या पुढाकाराने दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. यंदा किती पाणी, त्यातलं पिण्याला आणि गुरांना किती, मग रब्बीला किती, ते ठरतं. शेतीसाठी बोअर घ्यायला गावाची बंदी, ऊस-केळीला बंदी. लोक तिथली हिरवळ बघून येतात. माझ्या मते बघण्यासारखी गोष्ट हा ताळेबंद आहे, कारण कमी पावसाच्या वर्षी याच गावाने रब्बीचं क्षेत्र कमी केलेलं आहे.

जुन्या आंध्र प्रदेशात अनंतपूर, कर्नूल, प्रकाशम अशा सात दुष्काळी जिल्ह्यांत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. शेतकरीच पर्जन्यमापक वाचायचे, निरीक्षण विहिरींची खोली मोजायचे आणि रब्बीच्या तोंडावर हिशेब सगळ्यांपुढे मांडायचे. बंदी कोणावर घातली नाही. यंदा इतकंच आहे, एवढं सांगून पिकाचा निर्णय ज्याच्या त्याच्यावर सोडला, आणि अनेकांनी भात सोडून कमी पाण्याची पिकं घेतली. त्यांनी गट पाडले ते गावाच्या शिवेवर न पाडता ओढ्याच्या पाणलोटावर पाडले, हे मला फार पटलं.

तुमच्या गावाचा हिशेब मीच करून दाखवतो, आकडे तुमचे घाला. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की दहा घनमीटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटर. शिवार हजार हेक्टर आणि पाऊस ४०० मिलिमीटर धरला तर गावावर ४० लाख घनमीटर पाणी पडतं. यातलं बरंचसं उडून जातं, मातीत राहतं, वाहून जातं. आता गाव दोन हजार वस्तीचं, आणि माणशी रोज ५५ लिटर धरा. वर्षाला होतात सुमारे ४० हजार घनमीटर. पडलेल्या पावसाच्या एक टक्का. आणि पाटाने भिजवलेला ऊस हेक्टरी वर्षाला साधारण १५ ते २० हजार घनमीटर पाणी घेतो. म्हणजे अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी दोन-अडीच हेक्टर उसाइतकं. हा हिशेब फळ्यावर लिहून दाखवला की ‘आपल्याकडे पाऊसच नाही’ हे वाक्य ग्रामसभेत परत कोणी सहजासहजी बोलत नाही. टँकर का येतो हे सगळ्यांना एकदमच दिसतं, आणि मग शांतता पसरते, कारण ऊस कोणाचा हेही सगळ्यांना माहीत असतं. तिथून पुढे खरं बोलणं सुरू होतं.

एक गाव सुधारलं म्हणून खोरं सुधारत नाही, हेही सांगायला हवं. राजस्थानात अलवर जिल्ह्यात अरवरी ही छोटी नदी तरुण भारत संघ ही संस्था आणि गावकऱ्यांनी जोहड, म्हणजे पाणी अडवून मुरवणारे मातीचे छोटे बंधारे, बांधून पुन्हा वाहती केली. नदी वाहायला लागल्याबरोबर सरकारने तिच्यातल्या मासेमारीचा ठेका देऊन टाकला होता. लोकांनी विरोध करून तो रद्द करायला लावला. तेव्हा कळलं की नदी जिवंत केली तरी तिच्याबद्दल बोलायला सगळ्या गावांचं एक व्यासपीठ लागतं. त्यातून सत्तरएक गावांची अरवरी संसद झाली. तिने नदीतून थेट उपसा, जास्त पाण्याची पिकं, बोअर यांवर नियम केले. कायद्याने तिला काही अधिकार नाही, गावांनी मानलं एवढाच तिचा आधार.

अशी बैठक नसली की काय होतं ते गोदावरीत दिसतं. नाशिक-नगरची धरणं भरलेली आणि खाली पैठणला जायकवाडी रिकामी, असं झालं की दोन्हीकडचे शेतकरी रस्त्यावर आणि कोर्टात. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात टंचाई सगळ्या खोऱ्याने वाटून घ्यायची तरतूद आहे. प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला, खाली पाणी सोडायचं की नाही हे जायकवाडीच्या ६५ टक्के साठ्याच्या हिशेबाने ठरायला लागलं. तत्त्व बरोबरच आहे, फडाचंच आहे. पण ते न्यायालयातून आणि अधिकाऱ्यांकडून आलं, वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून ठरवलं नाही. म्हणून पाणी सोडायचं म्हटलं की दरवेळी पोलीस बंदोबस्त लागतो.

तेव्हा तुम्ही काय करावं? प्रशिक्षणाला जा, नक्की जा. पण त्याची वाट न बघता गावातल्या आठ-दहा विहिरी निवडा, वरच्या अंगाच्या, मधल्या आणि खालच्या. महिन्यातून एकदा दोरीला वजन बांधून पाण्याची खोली मोजा आणि आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. एक पर्जन्यमापक शाळेत बसवा, मुलं आनंदाने वाचतात. मोजणारा माणूस गावातल्या कुठल्याही गटाचा नको. शिक्षिका, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बाया हे काम उत्तम करतात. ऑक्टोबरच्या अखेरीस, रब्बीच्या पेरण्यांच्या आधी, हिशेब ग्रामसभेत मांडा. पेरणी झाल्यावर मांडलात तर उपयोग नाही, उभ्या पिकाला पाणी नाही म्हणायची हिंमत कोणाचीच होत नाही.

पहिल्या वर्षी ऊसबंदी वगैरे बोलू नका. एकच नियम करून घ्या, पिण्याच्या विहिरीजवळ नवी बोअर घ्यायची नाही. तो वर्षभर पाळला गेला तर दुसरा. नियम मोडला तर काय, हेही त्याच सभेत लिहून घ्या, आणि मोडणारा पहिला माणूस पुढाऱ्याच्या घरातला असेल हे धरून चला. त्याच्यावर नियम लागू झाला तर बाकीचे पाळतात.

आणि त्या ग्रामसभेला तुमच्या वरच्या आणि खालच्या गावातली चार-चार माणसं बोलवा. नुसतं ऐकायला बोलवा. वरच्या गावाने नवा बंधारा घातला की तुमच्याकडे काय होतं, आणि तुम्ही खोलीकरण केलंत तेव्हा खालच्या गावात काय झालं, हे मला वाटतं तुम्हालाही तिथेच पहिल्यांदा ऐकायला मिळेल.